खिडकी यावी, टपकू नये

फोनवर एखादी यादी बोटाने वर ढकलली, की ती धावत जाते आणि शेवटी जराशी रेंगाळून थांबते. हे रेंगाळणं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येतं. दर वेळी मी मनातल्या मनात म्हणते, "सर, बघा, नीट थांबली."

सर म्हणजे पेणचे म्हात्रे सर. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नाही, पण त्यांच्या हाताखाली काम केलेले सगळे त्यांना सरच म्हणत. वडिलांचा गणपतीचा कारखाना बंद पडल्यावर त्याच्याच माळ्यावर त्यांनी ऑफिस थाटलं होतं. खाली अजून साचे पडलेले असत, वर आम्ही. पेणपासून रोह्यापर्यंतच्या पोह्याच्या गिरण्या, दवाखाने, वजनकाटे यांच्यासाठी ते सॉफ्टवेअर बनवत. डेस्कटॉपवर चालणारं, नेट गेलं तरी न अडणारं, धुळीने भरलेल्या जुन्या कम्प्युटरवरही तग धरणारं. अशा सॉफ्टवेअरला या भागात आजही मागणी आहे. धंदा झकास चालायला हरकत नव्हती. पण सरांची एक इच्छा धंद्याच्या आड येत होती. त्यांच्या सॉफ्टवेअरमधली हालचाल कुणातरी एका गिऱ्हाइकाने आपखुशीने चालू ठेवावी, एवढीच ती इच्छा.

ही हालचाल काय, ते सांगायला हवं. डेस्कटॉपची सॉफ्टवेअरं तयार सामानातून उभी करतात. बटणं, रकाने, याद्या, खिडक्या. या सामानाला टूलकिट म्हणतात. आमचं टूलकिट जुनं आणि रुक्ष होतं. बटण दाबलं की खिडकी धाडकन समोर उभी, बंद केली की गायब. मधलं काही नाही. सरांनी या टूलकिटवर स्वतःचा एक थर चढवला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'ओघ'. ओघ लावला की खिडकी बाजूने सरकत येई, आधीचं पान मावळत जाई, यादीत नवं नाव आलं की बाकीची नावं सरकून त्याला जागा देत. या सगळ्याला पापणी लवायला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ लागे. पण तो 'थोडाच जास्त' गिऱ्हाइकांना खुपे. ओघ चालू-बंद करायची चौकटीतली बरोबरची खूण सरांनीच प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ठेवली होती, कारण जबरदस्ती त्यांना मान्य नव्हती. आणि प्रत्येक गिऱ्हाईक पहिली संधी मिळताच ती खूण काढून टाकी.

"खिडकी यावी गो," सर मला सांगत, "टपकू नये. घरात पाहुणा कसा येतो? दारात खाकरतो, चपला काढतो, मग बसतो. एकदम ताटासमोर प्रकट झाला तर तुझी आई किंचाळेल का नाय?"

"किंचाळेल," मी म्हणे.

"मग गिऱ्हाइकाला तसं का दचकवायचं?"

मी धरमतरच्या खाडीकाठची. वडील मिठागरात राबले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांची फाईल अशी छातीशी धरली होती की जिन्यावर समोरची पायरी दिसत नव्हती. सरांनी फाईल उघडलीच नाही. म्हणाले, "खाली टपरीवर जा, ग्लास काठोकाठ पाण्याने भर नी वर आण."

मी आणला. अख्खा जिना चढले, एक थेंब सांडला नाही. सरांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिले आणि पाव ग्लास पाणी त्यांच्या कीबोर्डवर.

मला वाटलं, गेली नोकरी. सर मात्र खूश. "कुठं सांडलं?"

"तुमच्यासमोर, सर. थांबले तेव्हा."

"सगळे तिथंच सांडतात! चालायला सगळ्यांना येतं, थांबायला कुणाला येत नाय. उद्यापासून ये."

आतून त्यांच्या बायकोचा, मालतीकाकींचा आवाज आला, "हा या महिन्यातला दुसरा कीबोर्ड हो!"

सरांना हे वेड लागलं ते लहानपणी. ओल्या शाडूच्या मूर्ती साच्यातून काढल्या की वाळवायला मागच्या पडवीत न्यायच्या, त्याही हातगाडीवरून. हातगाडीला झटका बसला की सोंड गळून पडे. त्यांचे वडील पडवीतून ओरडत, "सुटताना हळू! मधी पळव! थांबताना हळू!" आणि त्या तिन्ही हुकमांच्या मध्ये एकेक शिवी. सरांनी नोकरी केली, मुंबईत प्रोग्रॅमिंग शिकले, परत आले, तरी डोक्यातली हातगाडी काही उतरली नाही. ओघाचा सगळा गाभा तोच होता. खिडकी सुटताना हळू, मधे पळायची, थांबताना हळू. शिव्या तेवढ्या त्यांनी वगळल्या होत्या.

"बाहेर याच्यावर मोठमोठी पुस्तकं लिहिलीत," ते म्हणत. "आमच्या बापाने एका दुपारीत शिकवलं."

हातगाडी ही ओघातली पहिली चाल. पुढे त्यांनी आणखी चाली गोळा केल्या आणि प्रत्येकीला जिथे सापडली तिथलं नाव दिलं. रेल्वेच्या फाटकाचा दांडा खाली येतो, आपटतो, दोनदा उसळतो आणि निपचित पडतो, त्या चालीचं नाव 'फाटक'. ती नीट पकडण्यासाठी सरांनी निडी स्टेशनच्या बाजूला स्कूटर लावून कितीतरी गाड्या जाऊ दिल्या. फाटक उघडलं की मागची वाहनं हॉर्न वाजवत आणि सर हात करून म्हणत, "जा, जा, मी पुढच्या गाडीला थांबलोय." फाटकवाल्याला काही दिवस वाटत होतं की हा माणूस रेल्वेचा गुप्त तपासनीस आहे. तो सरांना बघितलं की टोपी घाली.

सगळ्यात कष्टाची चाल म्हणजे 'म्हैस'. जड खिडकी उघडताना ती आधी मागून उचलली गेल्यासारखी वाटावी, मग पुढून, असं सरांच्या मनात होतं. मागच्या आळीतल्या एका म्हशीसमोर ते स्टूल टाकून बसले. म्हैस रवंथ करत राहिली. मालकीण बाहेर आली.

"काय ओ म्हात्रे, विकत घ्यायचीय का?"

"नाय ओ. उठायची वाट बघतोय."

"कशाला?"

"कशी उठते ते बघायचंय."

बाईंनी त्यांच्याकडे आणि मग म्हशीकडे काळजीने पाहिलं आणि म्हशीला दृष्ट लागू नये म्हणून तिच्यावरून मीठ ओवाळून टाकलं. सर चहा प्यायला घरी गेले नि तेवढ्यात म्हैस उठली. पण त्या दिवशी एक गोष्ट मला कळली. मालतीकाकी, ज्या सरांना दिवसातून दहा वेळा टोमणे मारत, त्या भाजी आणायला म्हणून त्या आळीतून जात होत्या. त्यांनी ते उठणं फोनवर टिपून ठेवलं होतं. संध्याकाळी फोन त्यांनी सरांसमोर ठेवला आणि भात लावायला गेल्या.

चौथी चाल 'जावई'. जोरात आत येतो, सासऱ्याला बघून अर्धं पाऊल मागे घेतो आणि मग अदबीने उभा राहतो. ही सरांची सगळ्यात लाडकी. ऑफिसात आमची भाषा अशी झाली होती की नवा माणूस पळून जावा. "सर, पावतीची खिडकी जावई करू का म्हैस?" "अगो, पावतीला म्हैस? जावई लाव." एकदा आईचा फोन आला, कामावर काय चाललंय म्हणून. मी थकून म्हटलं, "काय नाय गं, जावई फारच मागे जात होता, त्याला सरळ करत होते." दुसऱ्या दिवशी वडील मिठागरातलं काम टाकून पेणला येऊन ऑफिसात बसले होते. सरांनी त्यांना समोर बसवून जावई चालवून दाखवला. वडिलांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. "थोरला अगदी असाच करतो," एवढंच म्हणाले.

गिऱ्हाइकं मात्र खूण काढत राहिली. तक्रारीचे फोन मालतीकाकी घेत. पुढचा माणूस बोलायच्या आतच त्या सांगत, "हो, सरकणं बंद करायचं ना? वर सेटिंगमध्ये जा, ओघ लिहिलंय, खूण काढा. हो, लगेच टपकेल." हे शब्द सरांच्या कानावर पडू नयेत म्हणून त्या फोन घेऊन मोरीत जात. मोरीत आवाज घुमे आणि दुप्पट मोठा ऐकू येई.

सरांना खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडत नसे. ते उगाचच गिऱ्हाइकाकडे चहाला जात. एका पोह्याच्या गिरणीत मी त्यांच्याबरोबर होते. मालक बोलत होता भाताच्या जातीबद्दल, सर मान डोलवत होते आणि डोळे त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे. कारकुनाने बटण दाबलं. खिडकी धाडकन आली. सरांचा चेहरा असा झाला की मालकाने विचारलं, "चहात साखर नाय का?"

"साखर हाय," सर म्हणाले. "बाकी काय नाय."

मग रोह्याच्या वजनकाट्याचं काम आलं. काट्याचे मालक बशीरभाई हे सरांचे जुने दोस्त. बरीच वर्षं आखातात काढून परतले होते आणि कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांनी काटा टाकला होता. ट्रक येऊन उभा राहतो, आत कम्प्युटरवर वजन येतं आणि तोच आकडा बाहेरच्या मोठ्या पडद्यावर ड्रायव्हरलाही दिसतो. बशीरभाई म्हणाले होते, "म्हात्रे, तू बनवशील ते चालेल. दोस्ताच्या कामात मी नाक नाय खुपसत." इतकं मोकळं रान सरांना कधीच मिळालं नव्हतं. त्यांनी जे कुठल्याच शहाण्या माणसाने केलं नसतं ते केलं. वजनाच्या आकड्यालाच जावई लावला.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं हजर होतो. भंगाराचा ट्रक काट्यावर चढला. पडद्यावर आकडा धावत वर गेला, खऱ्या वजनाच्या बराच पुढे गेला आणि अदबीने मागे येऊन उभा राहिला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी.

ड्रायव्हर खाली उतरला. "शेठ, वरचा आकडा लिहा."

"कनचा वरचा?" बशीरभाईंनी विचारलं.

"आत्ता दिसला तो. तुम्ही खाली आणलात."

"अरे, मी बटणाला हात नाय लावला!"

"मग आपोआप खाली आला? भंगार काय उडून गेलं?"

भंगार विकत घेणाऱ्याचा माणूस पुढे झाला. "नाय शेठ, शेवटचाच लिहा. शेवटचा खरा."

"शेवटचा खरा तर पयला कशाला दाखवला?"

एवढ्यात माल उतरवून आलेला रिकामा ट्रक चढला. पडद्यावर आधीच्या ट्रकचं वजन तसंच होतं, त्यामुळे आता आकडा खाली उतरायचा होता. तो खऱ्या वजनाच्याही खाली गेला आणि मग वर आला. तो ड्रायव्हर हुशार होता. रिकामी गाडी जितकी हलकी भरेल तितका माल जास्त, हा हिशेब त्याने तिथल्या तिथे केला. "मला खालचा लिहा," तो म्हणाला, "मी तसा समाधानी हाय."

मागच्या ट्रकचे ड्रायव्हर उतरून बघायला आले. कुणीतरी एका बारक्या क्लीनरला काट्यावर उभं केलं. आकडा पुढे जाऊन मागे आला तसा तो घाबरून स्वतःच्या पोटाकडे बघू लागला. रांग मुख्य रस्त्यापर्यंत गेली. बशीरभाईंचा शेजारचा चहावाला थर्मास घेऊन रांगेतून फिरायला लागला. सर मधोमध उभे राहून समजावत होते, "अहो, ते वजन नाय, ती फक्त हालचाल हाय. आकडा येतो कसा, ते दाखवलंय."

"आकडा कसा येतो ते आमाला कशाला?" भंगारवाला म्हणाला. "आकडा काय नवरदेव हाय?"

नवरदेव नाही, जावई आहे, असं सरांच्या अगदी ओठांवर आलेलं मला दिसलं, पण त्यांनी ते गिळलं.

बशीरभाईंनी त्यांना बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. "म्हात्रे, लोक माझ्या काट्यावर का येतात सांग? इथं आकडा बोलला की बोलला. तुझा जावई गुणी असेल. पण त्याला घरी ने."

सरांनी स्वतःच्या हाताने खूण काढली. पुढचा ट्रक चढला, आकडा टपकला, कुणी हुज्जत घातली नाही. पाच मिनिटांत रस्ता मोकळा.

परतीच्या वाटेवर सर स्कूटर चालवत होते आणि मी मागे. चालवता चालवताच म्हणाले, "बशीरचं बरोबर हाय गो. येणारी-जाणारी वस्तू हलू दे. आकडा म्हणजे साक्षीदार. साक्षीदाराने डुलायचं नसतं." मग आणखी थोडं पुढे गेल्यावर, "पण सगळंच काय आकडा नसतं ना?"

त्या संध्याकाळी ते मालतीकाकींना म्हणाले, "अजून एक गिऱ्हाईक बघतो. त्यानेपण बंद केलं तर ओघ काढून टाकतो. साधं सामान विकू. तुझं मोरीत जाणं तरी वाचेल."

मला वाटलं काकी सुटकेचा निःश्वास टाकतील. त्यांनी टाकायला हवा होता. पण त्या हातातलं उलथनं तसंच धरून म्हणाल्या, "काढायचं कशाला? कोपऱ्यात पडून राहील. खायला मागतंय का ते?"

"नाय," सर म्हणाले, "ठरलं."

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे रोह्यात नदीच्या पुलाजवळचा एका डॉक्टरांचा दवाखाना. कम्प्युटर इतका जुना की चालू होताना खोकायचा. सरांनी त्या कामात जे केलं ते मी आजही माझ्या कामात करायचा प्रयत्न करते. त्यांनी ओघातलं जवळजवळ सगळं काढलं. जावई नाही, फाटक नाही, म्हैस तर नाहीच. एकच चाल ठेवली. पेशंटचं नाव घातलं की त्याचं पान उजवीकडून हातगाडीसारखं येतं आणि थांबतं. तेवढ्यासाठी ते कितीतरी दिवस बसले. जुन्या मशीनवर पान अडखळत होतं, म्हणून ते सरकताना आतली अक्षरं पुन्हा पुन्हा रंगवायची नाहीत, एकदाच चित्र काढून तेच सरकवायचं, अशी युक्ती केली. वेळ कमी केला, पुन्हा थोडा वाढवला, पुन्हा कमी केला. शेवटी म्हणाले, "आता सोंड पडत नाय."

लावून आलो तेव्हा डॉक्टर स्वतःच कम्प्युटरवर बसले होते. त्यांनी "छान" म्हटलं, पण डॉक्टर सगळ्यांनाच छान म्हणतात. काकींनी सरांकडून शपथ घेतली की चहाला जायचं नाही. मग आम्ही तिघं फोनची वाट बघू लागलो. फोन वाजला की सगळे थिजत. काकी उचलत, "हॅलो" म्हणत आणि आमच्याकडे बघून मान हलवत. दवाखाना नाही. दिवस गेले. सरांना वाटायला लागलं की फोनच बिघडलाय. ते माझ्या फोनवरून स्वतःच्या ऑफिसला फोन करून बघत. काकी उचलून म्हणत, "हो, सरकणं बंद करायचं ना?" आणि सर घाईघाईने ठेवून देत.

तेवढ्यात मला पुण्यात नोकरी लागली. सरांनीच अर्ज करायला लावला होता, सरांनीच मुलाखतीची तयारी करून घेतली होती. निघायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "रोह्याला चल जरा. मला सर्दी झालीय."

"सर्दीला रोहा कशाला, सर?"

"रोह्याची हवा चांगली हाय."

दवाखान्यात काउंटरवर एक नवी मुलगी होती. नसरीन. तिने आम्हाला कधी पाहिलं नव्हतं. बाकावर माणसं होती. मी दारातच थांबले. सर काउंटरवर गेले.

"नाव?"

सर बावरले. "हरिश्चंद्र ठाकूर," त्यांनी खोटंच सांगितलं.

तिने नाव घातलं, बटण दाबलं. सर काउंटरवरून इतके पुढे वाकले की त्यांचा चष्मा तिच्या पेनस्टँडमध्ये पडला. पान उजवीकडून आलं, मधे पळालं आणि शांतपणे थांबलं.

सरांनी काउंटरची कड धरली. "हे... सरकतं."

"व्हय."

"बंद करता येतं ते?"

"येतं ना. खूण हाय वर." तिने चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "मी पयल्या दिवशी बंद केलंपण होतं. मग बघितलं, पान लगेच येतं, मी लगेच विचारते काय होतंय, नी माणूस अजून बसलेलापण नसतो. गोंधळतात म्हातारी माणसं. हे सरकत येतं ना, तेवढ्यात मी मान वर करून त्यांच्याकडे बघते. मग चालूच ठेवलं. तुमाला काय होतंय?"

सर केसपेपर घेऊन बाकावर जाऊन बसले. मिनिटभराने उठले आणि पुन्हा काउंटरवर.

"माझ्या भावाचा पण काढ."

"भाऊ कुठं हाय?"

"येतोय."

पान सरकत आलं. सर बघत राहिले. जाऊन बसले. मग तिसऱ्यांदा उठले.

"वडिलांचा पण."

नसरीनने हात थांबवला. "काका, सगळं घरच आजारी हाय का? तुमाला नक्की होतंय तरी काय?"

"होत होतं गो," सर म्हणाले. "आता बरं हाय."

घरी जाऊन सामान बांधायचं होतं, माझ्या एसटीची वेळ झाली होती. मी दारातूनच हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते दोन केसपेपर मांडीवर ठेवून, मान तिरकी करून, बाकावरून जेवढा दिसेल तेवढा पडदा बघत होते. आतून डॉक्टरांनी हाक मारली, "हरिश्चंद्र ठाकूर!" कुणीच उठेना. पुन्हा हाक आली. तेव्हा सर शेजारच्या म्हाताऱ्याकडे वळले आणि पडद्यावरची नजर न काढता त्याला हळूच म्हणाले, "उठा ओ ठाकूर, नंबर आला तुमचा."